पंचाहत्तर मिलिव्होल्ट

भोसरी एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यात मी पहिली नोकरी धरली, तिथे प्लेटिंगचे रेक्टिफायर बनायचे. थ्री फेज वीज आत घ्यायची, थायरिस्टरांतून तिची डीसी करायची आणि बारा-पंधरा व्होल्टला हजार, दोन हजार अँपिअर बाथमध्ये सोडायचे, असं त्या कपाटाएवढ्या यंत्राचं काम. कॉलेजात पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचा पेपर सोडवताना करंट मोजायचा कसा हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. आकृतीत एक गोल काढून त्यात ए लिहिला, की करंट मोजून झाला. भोसरीत आल्यावर सर्व्हिसची वही चाळली, तर बऱ्याचशा तक्रारी त्या गोलापाशीच येऊन थांबत होत्या.

प्लेटिंगवाल्याला व्होल्टशी फारसं देणंघेणं नसतं. त्याचा हिशेब अँपिअर-तासांचा. जितकी वीज वाहिली तितका धातू बसला, हा फॅरेडेने १८३० च्या दशकात सांगितलेला नियम आजही त्याचा धंदा चालवतो. एका अँपिअर-तासाला १.२२ ग्रॅम झिंक. तेवढं झिंक दहा सेंटिमीटर लांब-रुंद चौकोनावर एकसारखं बसलं, तर थर साधारण १७ मायक्रॉनचा होतो. प्रत्यक्षात बाथ थोडी वीज वाया घालवतो, पण किती ते अनुभवी प्लेटरला ठाऊक असतं आणि तो ते धरूनच चालतो. गाड्यांच्या नट-बोल्टांना, क्लिपांना बहुधा ८ मायक्रॉनचा थर मागतात. काउंटरवर अँपिअर-तास लावायचे, ते भरले की भोंगा वाजतो, बॅरल वर काढायचा. आता मीटरच पाच टक्के जास्त दाखवत असेल तर भोंगा लवकर वाजणार आणि थर पातळ बसणार. जाड थराने झिंक फुकट जातं. पातळ थराने अख्खा लॉट परत येतो.

असाच परत आलेला एक लॉट घेऊन एक प्लेटिंगवाले मालक आमच्याकडे आले. वैतागलेले होते, पण बोलणं मुद्द्याचं.

"मॅडम, तुमचं मीटर आठशे दाखवतंय. तुमच्यावर विश्वास नको म्हणून माझ्या इलेक्ट्रिशियनने टाँग टेस्टर लावला, तोही सातशे अठ्ठ्याऐंशी म्हणतोय. दोघं मिळून खोटं बोलतील का? मग थर साडेसातचाच का येतोय?"

प्रश्न बिनतोड होता. दोन वेगळी उपकरणं जवळजवळ एकच आकडा दाखवत असतील, तर कोणीही तो खरा मानेल. मी आमचा टाँग टेस्टर (केबल जबड्यात धरून करंट मोजणारं उपकरण) घेऊन त्यांच्याकडे गेले.

शेडमध्ये शिरल्यावर आधी नाकाला जाणवतं ते पिकलिंगचं ॲसिड. त्या वाफेत रेक्टिफायर वर्षानुवर्षं उभा असतो. त्यांच्या इलेक्ट्रिशियनचा टेस्टर मी पाहिला. चांगला होता, ट्रू आरएमएस होता, आणि डायल एसी आणि डीसी दोन्ही धरणाऱ्या खुणेवर होती. गोची तिथेच होती. थायरिस्टरचा रेक्टिफायर पूर्ण व्होल्टेजच्या बराच खाली चालवला, की बाहेर पडणारा करंट सपाट नसतो, सेकंदाला ३०० वेळा वर-खाली होतो. या लाटेचा आरएमएस सरासरीच्या ३० टक्के असेल, तर एकूण आरएमएस सरासरीपेक्षा साडेचार टक्क्यांच्या आसपास जास्त येतो. गरम होणाऱ्या केबलला आरएमएसशी कर्तव्य असतं, झिंकला सरासरीशी. त्यांचा टेस्टर आपल्या जागी बरोबरच होता. केबल किती तापेल ते तो सांगत होता.

आमचा टेस्टर निव्वळ डीसीवर ठेवून मी केबलला लावला: ७६९. मग तसाच काढून उलट्या तोंडाने लावला: उणे ७४१. डीसीच्या टाँग टेस्टरची ही जुनी खोड आहे. त्याच्या लोखंडी जबड्यात आधीच्या मापाचं थोडं चुंबकत्व शिल्लक राहतं, शेजारच्या बसबारचं क्षेत्रही डोकावतं. शून्याचं बटण दाबूनही सगळं जात नाही. दोन्ही तोंडांनी मोजून सरासरी काढली की त्यातलं बरंच कापलं जातं. सरासरी आली ७५५. आठ मायक्रॉनला ७५५ ने गुणून ८०० ने भागा, साडेसात येतात. मालकांनी मोबाइलवर तो गुणाकार-भागाकार स्वतः केला आणि मग चहा सांगितला.

आता आमचं मीटर आठशे का दाखवत होतं, हे राहिलं. त्यासाठी मीटर ज्यावरून करंट वाचतं तो शंट कसा असतो ते सांगायला हवं. दोन्ही टोकांना पितळेचे जाड ठोकळे, त्यांच्या खाचांमध्ये चांदीच्या सोल्डरने बसवलेल्या, मँगॅनिन या मिश्रधातूच्या पट्ट्या. प्रत्येक ठोकळ्यावर एक दणकट बोल्ट आणि एक बारीक स्क्रू. बोल्टला बसबार, स्क्रूला मीटरची वायर. हजार अँपिअर वाहिले की दोन स्क्रूंच्या मध्ये ७५ मिलिव्होल्ट पडतात. आपल्याकडे पॅनेलवरच्या शंटांत हा आकडा इतका रुळलेला आहे, की शंट मागायला गेलं तर दुकानदार मिलिव्होल्ट विचारतही नाही, नुसते अँपिअर विचारतो. हिशेब केला तर शंटचा रोध अवघा ७५ मायक्रोओहम. नीट आवळलेल्या बोल्टच्या सांध्याचा रोध स्वतःच एक-दोन मायक्रोओहम असू शकतो, कळकलेल्या पितळेवर त्याहून जास्त. म्हणून करंट जायचे रस्ते दोन आणि व्होल्टेज बघायचे रस्ते दोन, असे चार वेगळे ठेवायचे. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, तांब्याच्या तारांचे बारीक रोध मोजत होते तेव्हापासूनची ही रीत, आणि आजही अशा जोडणीला केल्विन जोडणीच म्हणतात.

मागचं दार उघडून पाहिलं, तर दोन्ही बाजूंचे बारीक स्क्रू खाल्ले गेले होते. एकाचं डोकंच नव्हतं. कधीतरी कुणीतरी मीटरच्या दोन्ही वायरींना मोठे लग मारून त्या बोल्टच्या वॉशरखाली बसबारवर आवळल्या होत्या. मीटर चालू झालं, आकडा दिसला, काम झालं. मी मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून आधी दोन लगांवर धरला: ६०.० मिलिव्होल्ट. मग प्रोबची टोकं थेट पितळेच्या ठोकळ्यांवर, मोडक्या स्क्रूंच्या भोकांपाशी टेकवली: ५६.६. मधले ३.४ मिलिव्होल्ट दोन सांध्यांचे. त्यांचं मोल ४५ अँपिअर.

नवीन भोकं पाडली, टॅप मारले, स्क्रू बसवले, वायरी तिथे नेल्या, वरून वार्निश दिलं. आणि मग जे झालं ते मला त्या सगळ्या प्रकरणात सर्वांत शिकवणारं वाटलं. रेक्टिफायर पुन्हा सुरू केला तर मीटरवर आधीही आठशे होते आणि नंतरही आठशेच. रेक्टिफायरमधल्या रेग्युलेटरला आठशे ठेवायचा हुकूम आहे आणि त्याला आठशे कळतात ते याच शंटकडून. शंट जास्त सांगत होता तेव्हा तो इमानेइतबारे कमी सोडत होता. शंट खरं सांगू लागला तसं त्याने जास्त सोडायला सुरुवात केली. पॅनेलवर मात्र काही बदललं नाही. बाहेरून टाँग टेस्टर लावलेला नसता तर काय झालं हे कुणालाही कळलं नसतं. करंट मोजून त्यावरच स्वतःला आवरणारं कुठलंही यंत्र आपल्या मापातली चूक आपण होऊन दाखवूच शकत नाही. पुढच्या नोकरीत हेच पुन्हा भेटलं, तेव्हा ओळखायला वेळ लागला नाही.

शंटची दुसरी गंमत काही महिन्यांनी दिसली. एका नव्या मशीनचं टेस्टिंग चालू होतं. पूर्ण लोडवर दोन तास चालवून बंद केलं, मेन स्विच पाडला, केबल काढली, तरी मीटरवर अकरा अँपिअर. पाच मिनिटांनी सात. मी जेवून आले तोवर शून्य. आमचे वायरमन काका म्हणाले, "मीटर बदला." मीटर बदललं. दुसरं मीटरही गरम शंटवर तेच दाखवू लागलं.

दोन वेगळे धातू जोडून एक सांधा गरम आणि दुसरा थंड ठेवला, की थोडं व्होल्टेज तयार होतं. थर्मोकपल त्यावरच चालतात. शंटला दोन सांधे असतात. त्या मशीनमध्ये शंटचं एक टोक थायरिस्टरच्या हीटसिंकला लागून होतं, दुसरं केबलच्या थंड बाजूला. टोकांमध्ये वीसेक अंशांचा फरक सहज पडत होता. पट्ट्या मँगॅनिनच्या असत्या तर तांब्या-पितळेशी त्यांचं व्होल्टेज अंशाला एक-दोन मायक्रोव्होल्ट, म्हणजे काहीच नाही. पण कॉन्स्टंटन या दुसऱ्या मिश्रधातूचं तांब्याशी अंशाला चाळीसच्या आसपास. वीस अंशांना ०.८ मिलिव्होल्ट झाले, आणि ७५ मिलिव्होल्टच्या शंटवर त्यांचे जवळपास अकरा अँपिअर होतात. शंटवर छापलेलं होतं मँगॅनिन. पुरवठादाराला विचारलं तेव्हा फोनवर बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर, त्या खेपेला माल "इक्विव्हॅलेंट" आला होता असं कळलं. मला गंमत याची वाटली, की कॉन्स्टंटन आणि मँगॅनिन ही दोन्ही मिश्रणं एकाच माणसाची, एडवर्ड वेस्टनची, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. दोन्हींचा रोध तापमानाने फारसा हलत नाही. पण तांब्याशी जुळवून घेणारं मँगॅनिनच, म्हणून मापनाच्या कामात ते टिकलं. त्या दिवसापासून आमच्याकडे नवीन शंटच्या खेपेतला एक शंट एका टोकाला हॉट एअर गनने तापवून मिलिव्होल्ट बघायची पद्धत पडली. त्याला ना प्रयोगशाळा लागते ना प्रमाणपत्र.

प्रमाणपत्राचं काम वेगळं. वर्षातून एकदा आमचा एक चांगला शंट एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत जायचा आणि बाकीचे त्याच्याशी जुळवले जायचे. जुळवायचं कसं, तर कानशीने. काका मँगॅनिनच्या पट्टीच्या कडेला हॅकसॉने बारीक खाच घालायचे, मग कानस एक-दोनदा ओढायचे, मीटरकडे बघायचे. धातू कमी झाला की रोध वाढतो, मिलिव्होल्ट वाढतात. वाढवता येतात, कमी करता येत नाहीत. म्हणून शंट बनवतानाच किंचित कमी रोधाचा बनवतात. जुन्या कुठल्याही शंटच्या पट्ट्या नीट पाहिल्या तर कडेला या खाचा दिसतील. खाच घातल्यावर पट्टी गार होईपर्यंत काका रीडिंग घेऊ द्यायचे नाहीत. आम्ही घाई केली की म्हणायचे, "थांबा. आत्ताचं माप कानशीचं आहे, शंटचं नाही."

नंतर आमची मशीन थायरिस्टर सोडून आयजीबीटीवर आली. वारंवारता वाढली, आकार घटला, आणि शंटच्या जागी हॉल सेन्सर आले. एडविन हॉलने १८७९ मध्ये अमेरिकेत विद्यार्थी असताना सोन्याच्या पातळ वर्खातून करंट सोडून, आडवं चुंबकीय क्षेत्र लावून, कडेला उमटणारं इवलंसं व्होल्टेज पकडलं. इलेक्ट्रॉन अजून सापडायचा होता तेव्हाची ही गोष्ट. आज त्याच परिणामावर चालणाऱ्या सेन्सरच्या भोकातून बसबार नेला, की धातूचा स्पर्श न होता करंट कळतो, शंटसारखी ७५ वॅटची उष्णताही नाही. विक्रेते एवढं सांगून थांबतात. भोकाच्या बाहेरच लगेच बसबार काटकोनात वळवला, किंवा परतीचा बसबार सेन्सरला चिकटून नेला, तर आकडा टक्का-दीड टक्का सरकतो, हे त्यांच्या कागदाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं. आमच्या मेकॅनिकल डिझाइनरला ते वळण तिथेच हवं असायचं, कारण कपाटात जागा नसायची. यावर आमची भांडणं झाली आहेत आणि सगळीच मी जिंकलेली नाहीत.

हे सेन्सर तपासायचे कसे? हजार अँपिअरचा अचूक सोर्स छोट्या कारखान्याकडे नसतो. पण सेन्सरला भोकातून एकूण किती अँपिअर गेले एवढंच कळतं, ते एका जाड पट्टीतून गेले की एकाच बारीक तारेच्या पन्नास फेऱ्यांतून, हे कळत नाही. तारेचे पन्नास वेढे घ्यायचे, त्यातून वीस अँपिअर सोडायचे, सेन्सर हजार म्हणतो. वीस अँपिअर अगदी अचूक मोजणं टेबलावरच्या उपकरणांना झेपतं. वेढे भोकात पसरून, परतीच्या तारा सर्व बाजूंनी सारख्या लांब ठेवून घ्यावे लागतात. एकाच बाजूला गठ्ठा केला तर बसबारची चूक तारेने केली जाते. नव्या पोरांना मी हा प्रयोग आधी करायला द्यायची. वेढे मोजताना एक चुकला की दोन टक्क्यांचा फटका, आणि तो बहुतेकांचा चुकायचा.

पुढे मी चाकणच्या बाजूला, इलेक्ट्रिक स्कूटरचे मोटर कंट्रोलर बनवणाऱ्या कंपनीत आले. हजार अँपिअरवरून शंभरावर. इथला शंट म्हणजे साडेसहा मिलिमीटर लांब, तीनेक रुंद चकती, बोर्डवर सोल्डर केलेली, अर्ध्या मिलिओहमची. शंभर अँपिअरला ५० मिलिव्होल्ट आणि पाच वॅट. भोसरीतलं शहाणपण इथे चालेल की नाही अशी थोडी धाकधूक होती. पहिल्याच मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "करंट अचूक हवा असेल तर सोळा बिटांचा एडीसी घेऊ या का?" आमचा कंट्रोलर १२ बिटांचा होता: ३.३ व्होल्टचे ४०९६ भाग, एक भाग ०.८ मिलिव्होल्टचा. अँप्लिफायर वीसपट, म्हणजे एका भागाला ०.०८ अँपिअर. स्कूटरच्या मोटरला एवढं बारीक माप पुरून उरतं. पण त्याच अँप्लिफायरच्या तोंडाशी दोन मिलिव्होल्टचा ऑफसेट असेल, तर अर्ध्या मिलिओहमवर त्याचे चार अँपिअर होतात. चार अँपिअरने चुकलेला आकडा सोळा बिटांत लिहिला, तर तो फक्त जास्त दशांशांनी चुकतो. साहेबांनी एडीसीचा विषय सोडला.

ऑफसेटवर उपाय सोपा आहे. वाणी रिकामं भांडं पारड्यात ठेवून आधी धडा करून घेतो, तसं चावी फिरवल्यावर स्विचिंग सुरू होण्याआधी, करंट नक्की शून्य असताना, तिन्ही फेजचं रीडिंग घेऊन ठेवायचं आणि नंतर प्रत्येक मापातून वजा करायचं. पण ऑफसेट तापमानाबरोबर सरकतो, त्यामुळे सिग्नलला स्कूटर थांबली आणि मोटर मोकळी असली की पुन्हा घ्यायचा. एवढ्याने बरंच सुधारतं.

कधी मोजायचं हा दुसरा भाग. पीडब्ल्यूएम (मॉसफेटांची चालू-बंद) २० किलोहर्ट्झचा, म्हणजे ५० मायक्रोसेकंदांचं एक चक्र. त्यात करंट चढतो आणि उतरतो. चक्राच्या बरोबर मध्यावर माप घेतलं तर चढउतार आपोआप वगळला जाऊन सरासरी हाती येते, शिवाय त्या क्षणी कुठलाही स्विच हलत नसतो. ही युक्ती सगळे वापरतात. अडचण येते ती पूर्ण जोर लावल्यावर. शंट खालच्या मॉसफेटच्या पायाशी असतो, खालचा मॉसफेट चालू असेल तेव्हाच त्यातून करंट जातो. ड्यूटी ९६ टक्के झाली की खालच्याला उरतात दोन मायक्रोसेकंद. स्विच झाल्यावरची झणझण शमायला आणि अँप्लिफायर स्थिरावायला तेवढे जवळजवळ लागतातच. त्या क्षणी ते माप न घेतलेलंच बरं. तिन्ही फेजच्या करंटची बेरीज शून्य असते, म्हणून ज्या दोन फेजना सवड आहे त्यांच्यावरून तिसरी काढायची. प्रत्येक चक्राला कोणत्या दोन ते ठरवायचं. हा कोड लिहिणारा आमचा सहकारी अजूनही त्याला हात लावू देत नाही.

मग बोपदेव घाटाची तक्रार आली. आमचा टेस्ट रायडर पोरगा रोज दोन-तीन गाड्या घाटात घेऊन जायचा. परत येऊन म्हणाला, "मॅडम, वर चढताना गुरगुरते. पायथ्याशी नाही, अर्ध्या चढावर सुरू होतं." टेबलावर तीच गाडी शांत. लॉग काढला तर करंट अगदी रेखीव, कुठे लाट नाही. सॉफ्टवेअरवाल्यांनी लॉग पुढे करून मोटरकडे बोट दाखवलं, मोटरवाल्यांनी बेअरिंगकडे.

मला तो रेखीव लॉग बघून भोसरीतले आठशे आठवले. कंट्रोलर जो करंट रेखीव ठेवतो तो त्याला दिसणारा. सेन्सर चुकत असेल तर खऱ्या करंटमध्ये लाट येईल आणि लॉगमध्ये ती दिसणारच नाही, कारण लॉगही त्याच सेन्सरचा. गुरगुर किती हर्ट्झची, हे बाहेरून कळायला हवं होतं. पोराला मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायला सांगितला, वेग तोंडाने बोलत राहा म्हटलं. ताशी १८ किलोमीटरला आवाजात १४४ हर्ट्झचा सूर ठळक होता. हब मोटर, वीस ध्रुवजोड्या, चाकाचा घेर १.४ मीटर, त्या वेगाला फेज करंट साधारण ७१ हर्ट्झचा. सूर त्याच्या जवळजवळ दुप्पट. फेजमध्ये ऑफसेटची चूक असेल तर टॉर्क एकपटीने डुलतो. फेजांचा गेन एकमेकांशी जुळत नसेल तर दुपटीने. म्हणजे शून्य ठीक होतं, माप कमीजास्त होतं, आणि तेही तापल्यावरच.

टेबलावर बोर्ड हॉट एअरने तापवला, तिन्ही फेजना बाहेरून करंट प्रोब लावले. पंचाहत्तर अंशांच्या पुढे एक फेज बाकीच्या दोघींपेक्षा दोन टक्के कमी वाहू लागली. लॉगमध्ये तिन्ही सारख्या. दोन टक्के ऐकायला काहीच नाहीत, पण चढावर पूर्ण टॉर्क असताना स्कूटरची चेसिस तेवढ्यावर घुमते.

बोर्डचा लेआउट बाहेरून करून घेतलेला होता. भिंगाखाली धरल्यावर दिसलं: दोन फेजमध्ये अँप्लिफायरकडे जाणारे बारीक ट्रॅक शंटच्या पॅडच्या आतल्या कडेवरून, मध्यातून निघत होते, जसे निघायला हवेत. तिसऱ्या फेजला तिथे एक कपॅसिटर आडवा आला होता, म्हणून ट्रॅक पॅडच्या बाहेरून, करंट वाहणाऱ्या तांब्यावरून घेतला होता. चार-पाच मिलिमीटरचा फरक. ३५ मायक्रॉन जाडीच्या तांब्याच्या चौकोनी तुकड्याचा रोध अर्धा मिलिओहम असतो, म्हणजे अख्ख्या शंटएवढा. तिथला पट्टा रुंद होता, त्यामुळे मापात शंटच्या दहा टक्के एवढं तांबं येऊन बसलं. कारखान्यातल्या कॅलिब्रेशनमध्ये हे दहा टक्के पुसले गेले, कारण ते एकाच तापमानाला झालं. पण तांब्याचा रोध अंशाला ०.३९ टक्क्याने वाढतो. पन्नास अंश तापल्यावर ते तांबं वीस टक्क्यांनी वाढलं, आणि दहा टक्क्यांचे वीस टक्के म्हणजे ते दोन टक्के. ती फेज जास्त करंट दाखवू लागली, कंट्रोलरने ती आवरली. भोसरीत बोल्टच्या वॉशरखाली झालं होतं, तेच.

कपॅसिटर हलवला, ट्रॅक आत घेतले. आधीच बनलेल्या बोर्डांसाठी थर्मिस्टरच्या रीडिंगवरून त्या फेजचा गेन तापमानानुसार कमी करायचा कोड घातला. थर्मिस्टर शंटपासून दूर असल्याने ती दुरुस्ती अर्धीमुर्धीच आहे, पण गुरगुर रायडरला ऐकू येईनाशी झाली. नव्या डिझाइनमध्ये चार पायांचा शंट घ्यावा असं मी लिहून दिलं. परचेसने दोन पायांच्या तुलनेत त्याची किंमत समोर ठेवली, आणि एका गाडीला तीन शंट लागतात याची आठवण करून दिली. प्रकरण तिथे अडलंय.

तोवर मी टेस्ट स्टेशनवर एक पायरी वाढवून मागितली: प्रत्येक बोर्ड गार आणि गरम, दोन्ही तापमानांना, बाहेरच्या कॅलिब्रेट केलेल्या शंटशी ताडून पाहायचा. प्रॉडक्शनचे मॅनेजर म्हणाले, बोर्ड तापेपर्यंत लाइन थांबवायची का? शेवटी ठरलं ते असं, की गार चाचणी सगळ्यांची आणि गरम चाचणी प्रत्येक लॉटमधल्या पाच बोर्डांची. त्यातला एक जरी टक्क्याच्या बाहेर गेला तर अख्खा लॉट ओव्हनमध्ये. गेल्या महिन्यात एक लॉट गेला. कारण सोल्डर पेस्टचा स्टेन्सिल झिजलेला निघाला, पॅडखाली सोल्डर कमी पडत होतं. मॅनेजरांनी स्टेन्सिल बदलला आणि गरम चाचणी पाचवरून दहा बोर्डांवर नेली. ही वाढ मी मागितलीही नव्हती.